कोरडा नळ आणि फाटकी ओढणी

१२ जून

शनिवारी पाठ घेऊन दाखवायचा! ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राची एकच जागा. विषय त्यांनीच दिला — पाण्याचा रेणू ध्रुवीय का असतो. दुधनीला घरी फोन केला. आण्णा म्हणाले, "ह्ये शेवटचं. न्हाय लागली नोकरी तर माढ्याच्या पाहुण्यांना लगनाला व्हय म्हणायचं." मागून आई ओरडली, "काय व्हय-बिय म्हणायचं न्हाय!" दोघं दोन बाजूंना ओढतात. मी जागच्या जागी.

१३ जून

खोलीवर आज पाण्याचा दिवस. नळ बारीक सोडला, कंगवा स्वेटरवर घासून जवळ नेला — धार वाकली! हेच दाखवणार. पोरं वेडी होतील.

१४ जून

कॉलेजात पोरांसमोर नळ सोडला. नुसती फुस्स! आमच्या भागात काल पाणी आलं, कॉलेजच्या भागात परवा येणार. टाकीही कोरडी. सोलापुरात राहून हे विसरले! आपल्या गल्लीचा वार तेवढा पाठ. गाढव आहे मी. मागच्या बाकावर प्राचार्य.

ओढणी काढली, प्रियंका नावाच्या मुलीच्या कमरेला गुंडाळली, दोन टोकं आणखी दोघींना दिली. प्रियंका मधला अणू, दोघी बाजूचे. ऑक्सिजन हावरा, हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो — पण तेवढ्यानं भागत नाही. दोघींना समोरासमोर उभं करून ओढायला लावलं. प्रियंका हलली नाही. कार्बन डायऑक्साइड असा सरळ असतो, दोन्ही ओढी फिटतात. मग म्हटलं, आता दोघी एका अंगाला या, ओढा! प्रियंका धडपडत पुढं. पाण्याचा रेणू असा वाकडा; तिथं ओढणारा मधला ऑक्सिजन, पण हिशेब तोच, ओढ फिटत नाही. ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार, हायड्रोजनच्या बाजूला धन. झालं, ध्रुवीय!

तेवढ्यात ओढणी टर्रकन फाटली. वर्ग खिदळला. प्राचार्य एवढंच म्हणाले, "नळ आधी बघायचा असतो, मॅडम."

पण धार वाकली असती तर हे 'का' राहूनच गेलं असतं. मला तरी आज ते खरं कळलं.

१५ जून

आण्णांना सगळं सांगितलं, फाटलेल्या ओढणीसकट.

१७ जून

कॉलेजचा फोन नाही. जेवण जात नाही.

१८ जून

जागा दुसऱ्याला गेली. घरी कळवलं. आण्णांची अट होतीच. माढा!

२० जून

सकाळच्या गाडीनं आण्णा दारात. पिशवीतून शेळ्यांचं नवंकोरं दावं काढलं. "माढ्याला न्हाय म्हणून कळवलंय. फुडच्या येळंला ह्ये घे. ओढणी फाटती की."