पाच पॉइंट सत्त्याहत्तर

ता. ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (साष्टांग घालायला इथे जागा नाही, खुर्चीतूनच मान खाली घालतो.)

काल, मंगळवारी दुपारी पावणेबारा वाजता, माझ्या स्प्रेडशीटच्या एका चौकोनात ५.७७ हा आकडा उमटला आणि त्या क्षणी माझं सगळं फिरलं. नोकरी, ऑफिस, आणि जिच्याबद्दल मी तुला तीन पत्रं भरून लिहिलं ती, सगळंच.

नीट सांगतो, नाहीतर म्हणशील हा नेहमीसारखा मधूनच सुरू झाला. आमच्याकडून एका म्हाताऱ्या घड्याळजींनी परवा बाँड घेतले. आयुष्याची पुंजी. दुकान अजून उघडतात, पण हात थरथरतो, घड्याळं कोण देणार. त्यांना आमच्या ऑफिसने लिहून दिलं होतं की मुदत संपेपर्यंत ठेवलेत तर वर्षाला ७.६७ टक्के पडतील. ते पक्कं करून घ्यायला आले आणि साहेबांनी कागद माझ्याकडे टाकला, कारण इथे मी कॉम्प्युटरवाला. यील्डचं फंक्शन असतं. खरेदीची तारीख, मुदतीची तारीख, व्याजाचा दर, भाव, व्याज वर्षातून किती वेळा येतं, एवढं दिलं की परतावा हातात ठेवतं. मी दिलं. त्याने ५.७७ ठेवलं. जवळजवळ दोन टक्के हवेत.

आणि ७.६७ लिहून खाली सही कोणाची? शेजारच्या टेबलावरची. जिच्याकडे बघता यावं म्हणून मी रोज पंचवीस मिनिटं आधी येऊन बसतो, तिची. मी सगळ्यांसमोर विचारलं. तिने एवढंच विचारलं की भाव कुठून उचललास. मी म्हटलं, गिऱ्हाइकाच्या पावतीवरून, त्याच्या खिशातून जे गेलं तेच मी धरतो, कुणाच्या तोंडचं धरत नाही. ती पुढे काही सांगू बघत होती, पण मी बोलू दिलं नाही. म्हाताऱ्या माणसाचे दोन टक्के गेल्यावर बोलायचं काय उरतं? संध्याकाळी घड्याळजींना दुकानात जाऊन सगळं सांगून आलो.

कॉलेज सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, याचं डोकं तापट. बघ, ते तापट डोकंच कुणाच्यातरी कामी आलं. पण रात्रभर डोळा लागला नाही. तीच निघावी, आत्या?

लोभ आहेच, तो वाढवून दे.
तुझा भाचा


ता. ९ मार्च

चि. तापल्या तव्यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोनवर तुझं अर्धंच ऐकू येतं. पत्रात पूर्ण ऐकू आलं, ओरडण्यासकट. तिच्या टेबलाचं, तिच्या बाटलीचं आणि तिच्या चपलांचं वर्णन मागच्या तीन पत्रांत वाचलं होतं. या वेळी पहिल्यांदाच तिने काही बोललेलं वाचायला मिळालं, आणि तेही तू मध्येच तोडलंस. वा.

मी एकतीस वर्षं विम्याच्या ऑफिसात हेच केलं. आमच्याकडे फंक्शन नव्हतं. एक दर अंदाजाने धरायचा, त्याने येणारा प्रत्येक हप्ता आजच्या किमतीला आणायचा, बेरीज जास्त आली तर दर वाढवायचा, कमी आली तर उतरवायचा. भावाशी बेरीज जुळली की तो परतावा. म्हणून मला पावतीवरचे सगळे आकडे पाठव. सगळे, फक्त तुला आवडलेले नाहीत. तिने विचारलं तेच मीही विचारते, भाव कुठून उचललास?

तोपर्यंत तोंड बंद ठेव. तुझ्या साहेबांकडे तुझ्यासाठी मी शब्द टाकलाय. मी आयुष्यात दोनदाच कुणाकडे काही मागितलं, त्यातली एक ही नोकरी. तुझे वडील अजून तुझं नाव निघालं की चष्मा पुसायला घेतात. परवा मात्र विचारत होते, टिकलाय का तिथे. मी म्हटलं, टिकलाय. मला खोटं पाडू नकोस.

प्रकृतीला जप. पालथ्या घड्यावर पाणी असलं तरी ओतत राहणारी,
आत्या


ता. १३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तोंड बंद ठेवायला उशीर झाला. घड्याळजींनी लेखी तक्रार केली. साहेबांना फंक्शन कळत नाही. कागद छापून हातात घेतल्याशिवाय त्यांना काही दिसत नाही. त्यांनी तिचा कागद आणि माझा कागद शेजारी शेजारी ठेवले आणि निकाल दिला की कमी आकडा सांगणारा कधी खोटं बोलत नाही. झालं. घड्याळजींना ऑफिसच्या शिक्क्याने माफीचं पत्र गेलं. तिला खाली रेकॉर्डच्या खोलीत जुन्या फायली बांधायला बसवलं. आणि तिचं टेबल मला दिलं.

त्या टेबलाच्या खणात एक रबर, एक गोळ्यांची रिकामी पट्टी आणि तिच्या अक्षरातली एक यादी आहे. यादीत काही नाही, कोणत्या गिऱ्हाइकाला मोठी अक्षरं लागतात आणि कोणाला फोन दोनदा करावा लागतो, एवढंच. मी ती तीनदा वाचली. जिंकलो म्हणायचं तर असं वाटतंय की कोणीतरी माझ्याच कानाखाली वाजवलीय. ती जिन्यात भेटली. बाजूला झाली, मला वाट दिली. शिवी दिली असती तर बरं होतं.

हे घे आकडे, तुझं समाधान होऊ दे. व्याज नऊ टक्के, वर्षातून दोनदा. मुदतीला दोन वर्षं एक महिना बाकी. शेवटचं व्याज मिळाल्याला पाच महिने झालेत. पावतीवर पहिल्या ओळीत भाव १०२.५०. दुसऱ्या ओळीत साचलेलं व्याज ३.७५. तिसरी ओळ एकूण १०६.२५. मी एकूण धरलं, म्हाताऱ्याने तेवढेच मोजलेत ना? मुदतीला मिळणार शंभर. आता सांग मी कुठे चुकलो.

घड्याळजी येत्या शुक्रवारी, म्हणजे वीस तारखेला, सगळे बाँड मिळेल त्या भावाला विकणार आहेत. मी त्यांना म्हटलं, बरोबर करताय.

चिडलेला, पण तुझाच,
भाचा


ता. १७ मार्च

चि. तव्यास आशीर्वाद, आणि एक चापट.

तुझ्या साहेबांचा नियम भारी आहे. त्या हिशेबाने शून्य टक्के सांगणारा माणूस संतच म्हणायचा.

तीन संध्याकाळी बसले. अर्धी पेन्सिल संपली. साडेसातने बेरीज जास्त येते, आठने कमी. मधे वरखाली करत गेले आणि ७.६७ वर जुळली. तिचाच आकडा.

आता डोकं थंड ठेवून वाच. ज्याने तुझ्या घड्याळजींना बाँड विकले, त्याने ते पाच महिने सांभाळले होते. त्या पाच महिन्यांचं व्याज त्याचं. ते घड्याळजींनी त्याला आत्ता हातात दिलं, आणि महिन्याभराने पूर्ण सहा महिन्यांचं साडेचार रुपये व्याज घड्याळजींनाच मिळेल, त्यात ते वसूल होईल. म्हणून भाव म्हणजे पहिली ओळ, एकशे दोन पन्नास. तुझं फंक्शन बिचारं तारखा बघून साचलेलं व्याज स्वतःच वर चढवतं. तू ते आधीच भावात घालून दिलंस, त्याने शहाण्यासारखं पुन्हा घातलं. दोन सुनांनी एकमेकींना न विचारता एकाच भाजीत मीठ घातलं आणि घरच्यांनी भाजीवाल्याला शिव्या दिल्या, तशी गत. त्या मुलीने तुला पहिल्याच वाक्यात नेमकं हेच विचारलं होतं.

उद्याच्या उद्या साहेबांना सांग. चूक सांगितली म्हणून सहसा कोणी नोकरीवरून काढत नाही. पण सांगताना आवाज चढवू नकोस, आणि काही झालं तरी तिथून उठून येऊ नकोस. आमच्या दारात तुला पुन्हा बॅग घेऊन उभा बघायची तुझ्या वडिलांची ताकद नाही, आणि माझा शब्दही पुन्हा टाकण्याजोगा राहायचा नाही. एवढं ऐक.

काळजीने,
आत्या


ता. १९ मार्च, दुपारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आज मान खरोखरच खाली आहे.

तुझं पत्र सकाळी मिळालं. भावाच्या चौकोनात १०६.२५ खोडून १०२.५० टाकलं. सेकंद लागला नाही, ७.६७ आलं. तुला तीन संध्याकाळी लागल्या, मला एक बटण, आणि तिला त्या बटणापायी तळघर.

आधी खाली गेलो. ती पायरीवर बसून फायलींना सुतळी बांधत होती. बोटाला पट्टी होती. मी सगळं सांगितलं, पावतीच्या तिन्ही ओळींसकट. माफी मागितली. त्यापलीकडचंही जे काही महिनाभर घोकून ठेवलं होतं, ते ओठावर आलं होतं. तिने गाठ मारून दात लावून सुतळी तोडली आणि म्हणाली, "मला काय सांगतोस? वर सांग. आणि त्या म्हाताऱ्याला सांग, उद्या शुक्रवार आहे." पुढची फाईल घेतली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वर गेलो. आवाज चढवला नाही, शपथ. दोन्ही कागद छापून नेले, लाल पेनाने ओळी दाखवल्या. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की माफीचं पत्र शिक्क्याने गेलंय, आता माफीबद्दल माफी कशी मागायची, लोक म्हणतील यांना धड चूकही करता येत नाही. मुलगी खाली बरी रुळलीय म्हणाले. म्हाताऱ्याला विकू दे, विकल्यावर कोण बघतं परतावा. मी म्हटलं, मिळेल त्या भावाला विकतील, त्यात त्यांचं खरंच नुकसान होईल, आत्तापर्यंत झालंच नव्हतं. तर म्हणाले, तुझ्या आत्याने गळ घातली म्हणून तुला ठेवला, कॉलेज अर्धं टाकलेल्याला एरवी कोण ठेवतं. नोकरी हवी असेल तर फाईल बंद. आणि घड्याळजींच्या दुकानाची पायरी चढलास तर परत इकडची चढू नकोस. जेवणाच्या सुट्टीपर्यंत विचार कर.

सुट्टी संपत आली. हे पत्र तिच्या टेबलावर बसून लिहितोय. आत्या, मी तासभर खरंच तुझाच विचार केला. तुझ्या शब्दाचा, वडिलांच्या चष्म्याचा. गप्प बसून बघितलं, दहा मिनिटं जमलंसुद्धा. साहेब दोनदा डोकावून गेले, दुसऱ्यांदा हसले. त्यांना वाटलं, बसला.

पण शब्द तू माझ्यासाठी टाकलास, आणि मी तो वापरून एका म्हाताऱ्याला खड्ड्यात घातलं आणि एका मुलीला तळघरात. ती माझ्याशी पुन्हा बोलेल असं मला वाटत नाही. त्यासाठी जातही नाहीये. खरं सांगायचं तर त्यासाठीसुद्धा जातोय, पण तेवढ्यासाठी नाही. घड्याळजींना तिन्ही ओळी मोठ्या अक्षरात लिहून दाखवीन, ते तक्रार मागे घेतो असं लिहून देतील तर तो कागद टपालाने साहेबांना पाठवीन. माझ्या हातून घेणार नाहीत. वडिलांना तू काही सांगू नकोस, मी येऊन स्वतः सांगेन, बॅग दाराबाहेर ठेवून.

रागावलीस तरी पत्र पाठव, कोरं का असेना. लोभ कमी झाला असेल तर उरलाय तेवढा राहू दे.

खणातली यादी वर काढून ठेवली, पुढच्याला दिसेल अशी. दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. साहेब त्यांच्या खोलीतून बघतायत. पत्र इथेच थांबवतो, उठतो, आणि बाहेर पडून दार लावून घेतो.

तुझा भाचा