‘नको’च्या ट्रकमधला ‘हो’चा केक

प्रिय लोइसताईस,

व्हर्नाचा नमस्कार, आणि भावोजींना वेगळा. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं मला चर्चमध्ये कळलं (सख्ख्या बहिणीला चर्चमध्ये कळावं, याबद्दल मी काही बोलत नाही). तुझी कंबर काय म्हणते? इकडे आम्ही मजेत, म्हणजे मी मजेत. हार्लनचं पोट अजून ताळ्यावर आलेलं नाही. ते का, हेच सांगायला बसले आहे.

आमच्या प्लम क्रीकमध्ये डॉलरमागे एक सेंट जादा विक्रीकर लावायचा की नाही, यावर मंगळवारी मतदान झालं. पैसा शाळेच्या छपराला, आणि उरला तर पोहण्याच्या तलावाला. लोक ‘नको’ म्हणाले असते तर शाळेला कुलूप, मुलं बसमध्ये कोंबून तुमच्या बेलफोर्डला, आणि मी घरी. लग्नाआधीपासून मी त्या शाळेच्या स्वयंपाकघरात उभी आहे. बुधवारी माझे दालचिनीचे रोल भट्टीतून निघाले की मास्तरसुद्धा फळा अर्धवट सोडून येतात. तुमच्या शाळेत म्हणे तयार अन्नाचे टिनचे डबे फोडून गरम करतात (राग मानू नकोस, तुझ्याच नातवाने सांगितलं). ते स्वयंपाकघर जाणार या विचाराने मला महिनाभर घास गोड लागत नव्हता.

आणि ‘नको’वाल्यांचा पुढारी कोण, तर माझा नवरा. रोज सकाळी कॅफेत कोपऱ्यातलं टेबल अडवून हार्लन भाषण ठोकायचा. आपण नाल्यात पोहायला शिकलो, तलाव कशाला? छप्पर गळतं तर गळू दे, बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांना थेंब चुकवायची सवय होईल. ऐकणारे माना डोलवायचे, कारण कॉफी याच्या खात्यावर. मी अंगणात ‘हो’ची पाटी लावली, त्याने शेजारी ‘नको’ची. पुढे तो गवत फक्त आपल्या पाटीपर्यंतच कापायला लागला. माझ्या बाजूला गुडघाभर रान माजलं, आणि पोस्टमनने मला विचारलं, की तुमची वाटणी झाली का?

आता मतदानाचा दिवस. दरवेळी चर्चच्या हॉलमध्ये मतदान असतं आणि दाराशी आम्हा बायकांचं केकचं टेबल. मत द्यायचं, केक घ्यायचा, घरी जायचं. या वेळी मी चेरीचे केक केले आणि प्रत्येकावर पांढऱ्या साखरेने ठसठशीत ‘हो’ काढला (मला वाटलं, केकला कोण हरकत घेणार?). हरकत घेतली ग्रेचेनने. ती यंदा मतदान अधिकारी आहे. लहानपणी माझ्या खिडकीशी दोनदोनदा रोल मागायला यायची, तीच.

“व्हर्नाकाकू, हा प्रचार झाला. दारापासून ठरलेल्या अंतराबाहेर न्या.”

“अगं, केक आहे तो.”

“वाचता येतो ना? मग प्रचार.”

मी सुरीने अक्षरं खरवडली. साखर फासली गेली आणि ‘हो’ आणखीच मोठा दिसायला लागला. शेवटी ग्रेचेनने टेप धरून अंतर मोजलं आणि पार्किंगमध्ये दोरी बांधली. दोरीपलीकडे वारा असा, की टेबलावरचं कापड थेट धान्याच्या कोठारावर जाऊन अडकलं. आडोसा एकच होता, हार्लनचा ट्रक. दोन्ही अंगांना ‘नको’ रंगवलेल्या फळ्या ठोकून तो पहाटेपासून तिथे ठाण मांडून होता (त्याने अंतर आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं, असा वस्ताद). मी सरळ ट्रकचा मागचा फाळका पाडला आणि त्यावर केक मांडले.

त्याने सरकून जागा करून दिली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळतं. पण लोक आले की ट्रककडे बघायचे, केककडे बघायचे आणि हसायचे, तेव्हा त्याने उपाय काढला. कापायचं काम स्वतःकडे घेतलं आणि ‘हो’ असलेला मधला तुकडा प्रत्येक केकमधून स्वतःच खायला लागला. मी नवा केक काढला की हा अक्षरं गिळून मोकळा. दुपारपर्यंत माझा सगळा प्रचार याच्या पोटात होता, आणि तोंडाचा रंग त्या साखरेसारखा.

मतदान संपत आलं तेव्हा पोट धरून, वाकत वाकत तो आत गेला. पडद्यामागे इतका वेळ उभा होता, की ग्रेचेन दोनदा खाकरली. बाहेर आला तो सरळ ट्रकमध्ये जाऊन आडवा झाला.

कर पास झाला, ताई. अगदी निसटता, पण झाला. कॅफेतले दोस्त आता त्याच्याकडे संशयाने बघतात. तो शपथेवर सांगतो, की मी ‘नको’च म्हटलं. मी काही त्याला विचारलेलं नाही. अंगणातल्या पाट्या मात्र त्यानेच काढल्या आणि माझ्या बाजूचं गवतही कापलं.

भावोजींना जिना चढू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
व्हर्ना

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. आमचा डीप फ्रीझर परवा बंद पडला. एवढी मोठी वस्तू, नवा कर उगाच कशाला भरायचा? तुमच्या बेलफोर्डला तो कर नाही. तेव्हा तुझ्या नावावर एक घेऊन ठेव, शनिवारी ट्रक घेऊन येते. हार्लनला आणि ग्रेचेनला कळू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. फ्रीझर घेऊ नकोस. पाकिटाला लावायचं तिकीट शोधताना हार्लनने पत्र वाचलं (तो कुठलंही पत्र शेवटाकडूनच वाचतो). टोपी घालून तडक गावातल्या दुकानात गेला आणि फ्रीझर पसंत करून आला. दुकानदार म्हणाला, आजच न्या, कर पहिल्या तारखेपासून लागतोय. हा म्हणाला, मग पहिल्या तारखेलाच नेतो. मी विचारलं, डोकं फिरलंय का तुझं? तर म्हणतो, “शाळेतलं स्वयंपाकघर तुझं आहे ना? मग माझेही चार सेंट पडू देत त्यात.” आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसला. मला रडू आलं, ताई, सांगायला लाज कसली. पहिल्या तारखेला अजून अवकाश आहे आणि फ्रीझरमधल्या सगळ्या मांसाचा बर्फ वितळायला लागलाय. तेव्हा शनिवारी तुम्ही दोघं जेवायला या, आणि येताना भूक घेऊन या.