फुआतिनोच्या हातचं

रविवार, २ ऑगस्ट
पुन्हा तेच! प्रार्थनेनंतरच्या जेवणात म्हाताऱ्या फुआतिनोची पालुसामी होती — अळूची कोवळी पानं, आत नारळाचं घट्ट दूध. आधी आम्ही पाद्री-पाद्रीणबाईंनी खायचं, मग बाकीच्यांनी. सगळ्यांच्या नजरा ताटावर. संपवली, आणि पोटात असा मुरडा! चारचौघींसमोरून पळाले. पाद्रीणबाई पळतेय! मागून महिला समितीच्या वाओसाचा आवाज, "अगं बाई, काय घातलं होतं त्यात?"

जेवणाबरोबर घ्यायची कॅप्सूल घरी राहिली होती. राहिली कसली — ठेवली होती. सगळ्यांदेखत काढली की प्रश्न सुरू.

सोमवार, ३
नवरा सिआओसी म्हणतो, "गावाला सांगून टाक. मी प्रार्थनेत तुझं नाव घेतो." घे बघू! पाद्री असशील गावाचा, घरात पाऊल टाकू देणार नाही.

काय सांगू? की माझं स्वादुपिंड पुरेसा रस करत नाही, म्हणून खाल्लेलं तेलकट होऊन बाहेर पडतं, तरंगतं, घाण वास मारतं? आपिया शहरातला डॉक्टर म्हणाला होता, "घाबरू नका, जुनंच औषध आहे. पन्नासेक वर्षं लोक घेतायत. फक्त प्रत्येक जेवणाबरोबर घ्या." त्याचं काय जातंय! पाद्र्याचं घर गाव पोसतं, पाद्रीणबाई वाळली की गावाची अब्रू जाते, हे त्याला कुठे माहीत? आणि मी तर वाळतेच आहे. कमरेला गुंडाळलेला लावालावा ठरत नाही.

बुधवार, ५
पोट बरं. जीव थाऱ्यावर नाही.

गुरुवार, ६
वाओसा येऊन गेली. "निश्चिंत राहा पाद्रीणबाई. फुआतिनोच्या हातचं आता चर्चमध्ये येणार नाही. सांगितलंय तिला."  वर पुढे म्हणते, "तिचा पोरगा फालानिकोही तिच्या हातचं खाऊन असाच वाळून गेला. तुम्ही यायच्या आधी, दहाएक वर्षं झाली. तेव्हाच ओळखायला हवं होतं!"

आणि मी काय म्हणाले? चहा घ्या म्हणाले. थू माझ्या जिण्यावर!

संध्याकाळी तिच्या घरावरून गेले. म्हातारी अंगणात पोराच्या थडग्यावर बसून अळू निवडत होती. कुणासाठी आता?

शनिवार, ८
सांगितलं! समितीच्या बैठकीत उभी राहिले.  रस, तेल, वास, तरंगणं — सगळं सांगितलं. कॅप्सूल मुद्दाम घरी ठेवली तेसुद्धा. फुआतिनोचा काडीचा दोष नाही म्हणाले.

 मागून एकजणी, "तरीच तुमच्या घरामागून वास यायचा! मला वाटायचं पाद्रीसाहेबांचंच पोट बिघडलंय!" सगळ्या खो खो हसल्या. वाओसासुद्धा. मी रडत रडत हसले. उद्यापासून फुआतिनोनं पुन्हा रांधायचं ठरलं.

फुआतिनो मात्र हसली नाही. कोपऱ्यात बसून माझ्याकडे एकटक बघत होती. रागावली असणार. रागावू दे, हक्कच आहे तिचा.

रविवार, ९
फुआतिनो पालुसामी घेऊन घरीच आली. "आधी तुमचं औषध घ्या." घेतलं. मी खात होते, ती वारा घालत होती. पोट गप्प!

मग तिनं औषधाची बाटली उचलली, हातात फिरवत बसली. "माझ्या फालानिकोचंही तरंगायचं. वर तेल दिसायचं. मी देवाला विचारायचे, माझ्या हातात असं काय वाईट आहे?" बाटली माझ्यापुढे धरली. "पोरी, हे औषध तेव्हा होतं का गं?"

"नव्हतं," म्हणाले मी.