बाटली बाहेरून गार

१२ डिसें. ८८, सोम., माजरी
दादा-वहिनी मस्कतहून आले. सोबत आठ महिन्यांचा सुमेध, आणि एक मायक्रोवेव्ह ओव्हन. कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये जागा नाही, शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवला.
आई : "जाळ कुठी हाये याच्यात?"
दादा : "जाळ नाई आई, लहरी असतात."
आई : "लहरीवर तुहे बाबा चालते. भात कसा शिजन?"
बाबासुद्धा हसले.

१४, बुध.
ओव्हनची इंग्रजी पुस्तिका माझ्याकडे आली. शाळेच्या आधी बाबांनीच मला अक्षरं शिकवली, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवरची. त्यांचा नियम : कळलं तेवढंच सांगायचं, अंदाजानं नाही. मी डिक्शनरी घेऊन बसले. स्टील नको, ॲल्युमिनियमचं पातेलं, म्हणजे आपला जर्मनचा गंज नको, सोनेरी काठाची बशी नको. काच, चिनी माती, त्याच कामाचं प्लास्टिक चालेल. झाकण घट्ट नको. रिकामा चालवू नये. आईला वाचून दाखवलं.
"मंग आपले भांडे काऊन ठेवले? सारे तं स्टीलचेच."
खरंच. चालण्यासारखे घरात दोनच कप.

१५, गुरु.
सवयीनं आईनं वरणाची स्टीलची वाटी आत ठेवली. ठिणग्या. मी प्लगची पिन ओढली.
बाबा ड्युटीवरून आलेच होते. "खदानीत ठिणगी पाहून आम्ही पळतो, अन् तू घरात पाडून राह्यली!"
सगळे हसले. मला हसू आलं नाही.

१८, रवि.
वहिनीला ताप. सुमेध बाटलीवर. आल्यापासून आईच्याच हातानं खातो-पितो. बाटली मस्कतची, जाड प्लास्टिकची, ओव्हनला चालते. पुस्तिकेत आहे : बाटली हलवावी, थेंब मनगटावर टाकून पाहावा. आईला दोनदा सांगितलं.
"चार लेकरं वाढवले मी. मले दूध शिकवते!"
आई भांडं गालाशी धरून ठरवते, दूध किती तापलं ते. गंज असो की पेला. आजवर चुकली नाही.

२०, मंगळ.
दुपारी मी नळावर होते. सुमेध भुकेनं रडत होता. आईनं बाटली ओव्हनमध्ये ठेवून बटण फिरवलं. गालाला लावली. गार वाटली. पुन्हा फिरवलं. पुन्हा गार. तिसऱ्यांदा...
किंकाळी नळापर्यंत आली. जीभ, टाळू, घसा भाजले.
आई प्रत्येकाच्या गालाला बाटली लावत होती. "पाहा नं, गारच हाये. पाहा."

२१, बुध., चंद्रपूर, दवाखाना
नाकातून नळी. घसा सुजलाय, श्वासावर लक्ष ठेवायचं, डॉ. म्हणाले.
दादा आईला : "तुले सांगितलं होतं नं हिनं?"
"सांगितलं होतं."
वहिनी आईकडे बघत नाही.
मी सांगितलं, हे खरं. पण भांडं बाहेरून गार आणि आत उकळतं असू शकतं, हे मला तरी कुठे कळलं होतं? पुस्तिकेत असेल. परत वाचायची भीती वाटते.

२४, शनि.
सूज थोडी कमी. आई व्हरांड्यात बसून असते. आत ये म्हटलं की, "मी नाई येत. माह्या हातानं झालं." बाबा डबा आणतात, तिच्याजवळ बसतात. डबा तसाच परत जातो.

२७, मंगळ.
सकाळी नळी काढली. तोंडानं दूध घेतलं तर ठीक, नाहीतर उद्या नागपूरला न्या, डॉ. म्हणाले. वहिनीच्या चमच्याला सुमेधनं तोंड फिरवलं. दादाच्या, माझ्याही.
वहिनी उठून व्हरांड्यात गेली. "आई, तुम्ही या."
"नाई बाई. माह्या हातानं नको."
"तो तुमच्याशिवाय कोणाच्या हातानं खाते? चला."
हाताला धरून आणलं. आईनं चमचा पुढे केला, अर्धा दुपट्यावर सांडला. सुमेधनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तोंड उघडलं. गिळताना चेहरा पिळवटला, पण गिळलं.
दुसऱ्या चमच्याला ओठ मिटले, ते अजून मिटलेलेच.
डॉ. म्हणाले, एका चमच्यावर काही सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत पाहू.
आई चमचा धरून बसली आहे. वहिनी म्हणाली, ठेवा थोडा वेळ खाली. ठेवत नाही.