खाऱ्या पाण्याचा सीन

३ नोव्हेंबर, सोमवार
माजलगावच्या धरणावर शूटिंग. शेवटचा सीन. म्हातारा बाप समुद्राकाठी बसून परदेशी गेलेल्या पोराची वाट बघतो अन् रडतो. बाप अर्थात नासीर. बारा वर्षांत पाच पिक्चर केले आमी, पाचीत हीरो तोच. एरवी केजात फळाचा गाडा लावतो, पण कॅमेरा पुढं आला की काय होतं त्याला कुणास ठाऊक. पहिल्याच टेकला ढसाढसा रडला. कॅमेरा जरा खाली धरला की धरणाचा पलीकडचा काठ दिसत न्हाई. समुद्रच वाटतो, शपथ.

८ नोव्हें., शनि.
सीन जोडून माझ्या फोटो-व्हिडिओच्या दुकानातल्या टीव्हीवर दाखवला. धरणावर म्हशी चारणारे भिवादादा मुद्दाम आलते, त्यांची म्हैस मागं दिसती म्हणून. म्हैस घटाघटा पाणी पिती. मला वाटलं, लई नॅचरल आलंय. भिवादादा म्हणले, "समुद्राचं पाणी खारं असतंय ना? मग माझी म्हैस येडी हाय व्हय?"
सगळे हसून लोळले. नासीर सगळ्यात जास्त. पन्नाशीला आलो दोघं, एकानंबी समुद्र बघितला न्हाई, त्याचं हे फळ. म्हैस फ्रेममधनं कापताबी येईना, बरोबर नासीरच्या डोक्यामागं उभी हाय.

९ नोव्हें.
आपल्या सिनेमात कुणाला दुःख झालं की त्याला नेऊन समुद्रावर बसवायचं, ही रीतच. लाटा आल्या, गाणं लागलं, झालं काम. बीडच्या माणसानं दुःख घेऊन बसायचं कुठं? धरणाच्या काठावर एकटं बसलं तर लोक इचारतात, पाण्याची मोटार बसवायला आलाव का?

१४ नोव्हें., शुक्र.
नासीर रत्नागिरीला चालला. कायमचा. पोराला तिकडं नोकरी हाय, नातू झालाय, अब्बा इथंच या म्हणतो. गाडा मेव्हण्याला देऊनबी टाकला. अन् मला सांगतो कधी, तर जायच्या दोन दिवस आधी!
"अबे, कावून तोंड पाडतो? खरा समुंदर हाय तिथं. तुझा सीन मोबाईलवर करून पाठवतो."
सीनचं बरं झालं, म्हणलो.

१६ नोव्हें., रवि.
अंबाजोगाईपर्यंत जीपनं सोडायला गेलतो. नासीरच्या बायकोनं, भाभीनं, जाता जाता माझ्याच हातात डबा दिला. एकटा माणूस, काय खाणार म्हणून. एस्टी हलली तवा वाटलं, कॅमेरा आणायला पायजे होता. न्हाई आणला ते बरं.

२७ नोव्हें.
व्हिडिओ न्हाई आला. एका लग्नाचं शूटिंग केलं. लग्नात लाईट नासीर धरायचा अन् कानात नवरदेवाची टिंगल करायचा. आज लाईट स्टँडला लावली. दुसऱ्यांची लग्नं टिपता टिपता माझं राहून गेलं, त्याचं वाईट कधी वाटलं न्हाई. आज वाटलं.

४ डिसें., गुरु.
आला व्हिडिओ. समुद्र असा असतो तर. लई मोठा. तीन टेक हायती. पहिल्यात नासीर रडकं तोंड करतो अन् हसतो. दुसऱ्यात नातू पायजमा ओढतो. तिसऱ्यात सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणतो, "रडू येईना बे. कांदाबी आणलता, तरी न्हाई." गाल भरलेत त्याचे.
मला आनंद व्हायला पायजे. झाला. चहा पिऊस्तोवर टिकला. मग नुसता राग.

५ डिसें.
फोन केला. म्हणलं, "सुखात हाईस ते दिसतंय फ्रेममधी. माझा सीन मेला."
"मग तूच ये," म्हणला. "तूच हो बाप, मी शूट करतो. तुला कांदा लागायचा न्हाई."
हसत होता. मी फोन ठेवला. खरं तेच बोलला, म्हणून जास्त लागलं.

७ डिसें., रवि.
स्टँडवर जाऊन रत्नागिरीच्या गाड्या इचारल्या. कोल्हापूरला बदलावी लागती. तिकीट काढलं न्हाई अजून. सीन पाठ हाय, लिहिला मीच. इथं दुकानात कधीबी बसलो तर पहिल्या टेकला होईल. पण तिथं कॅमेऱ्यामागं नासीर असणार. तो समोर असला तर मला तरी कुठलं रडू यायचं?