पाठवणीत रडलेल्या मेकअपवालीची हकीकत

संगमनेर,
ज्येष्ठातला एक मंगळवार
(पार्लर बंद. निदान पाटीवर तरी.)

तीर्थरूप आत्या,

तुझ्या यामिनीचा वाकून नमस्कार. (कंबर धरलीय, म्हणून मनातूनच वाकले. मान्य करून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे अकोले तालुक्यात भाताची रोपं टाकून झाली का? इकडे आम्ही सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनच केला असता, पण मी फोन हातात घेतला की पलीकडून कोणीतरी 'ताई, हळदीच्या मेकअपचं काय घेता?' असं विचारतंच.

पार्लर काढलं तेव्हा मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, की आता मला साहेब नाही. तूच तेव्हा म्हणालीस, 'यामे, साहेबाला निदान घरी जायची घाई असते.' मला ते आत्ता कळलं. त्या वेळी कळायचं कारणच नव्हतं, कारण आप्पा होते. साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशीपासून पार्लरच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. (बायकांच्या पार्लरबाहेर धोतर-टोपीतला म्हातारा! पहिल्या आठवड्यात बायका हे ज्योतिषाचं दुकान समजून पत्रिका घेऊन आल्या.) दुपार झाली की ते आत डोकावायचे, 'यामे, जेव,' म्हणायचे आणि बाहेरून दार ओढून घ्यायचे. मग कोणाची वरात येवो नाहीतर आमदारीणबाई, दार उघडत नसे. मी चिडायचे. गिऱ्हाईक जातंय म्हणायचे. ते म्हणायचे, 'जाऊ दे. भुवया काय, परत वाढतात.'

ते मार्गशीर्षात गेले. दशक्रियेला तू होतीसच. तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या सकाळी मी नवरीच्या डोळ्यांत काजळ घालत होते, हेही तुला माहीत आहे, कारण फोनवर मीच सांगितलं होतं. मी काय करणार होते? त्या पोरीच्या लग्नाची तारीख आधीच ठरलेली, आणि ऐनवेळी दुसरी मेकअपवाली मिळणार नव्हती. रडायचं नंतर, असं ठरवलं. मग पौष सोडून माघ आला, फाल्गुन आला, आणि रडायला तारीखच शिल्लक राहिली नाही. दुपारी दार ओढून घ्यायचा प्रयत्न मीसुद्धा करून पाहिला. पण आतून लावलेलं दार आपणच उघडतो गं. ते बाहेरून कोणीतरी लावावं लागतं.

मग व्हायचं ते झालं. निमगावच्या एका लग्नात मी करवलीलाच नवरी म्हणून रंगवायला घेतलं. अर्धा चेहरा झाला, नथ घातली, तीही बिचारी मोठ्या आनंदात बसली होती. खरी नवरी कोपऱ्यात पोहे खात होती. घरी कल्याणराव (तुझे जावई, दूध संघात जातात आणि वेळेवर परत येतात, नशीबवान माणूस) सांगतात, की मी झोपेत 'मान वर करा' म्हणते, आणि ते करतात. डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, 'रजा घ्या. साहेबांकडे मागा.'

'साहेब मीच आहे.'

'मग देऊन टाका की!'

'साहेब फार कडक आहेत,' मी म्हटलं. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

तरी मंगळवारी सुट्टी ठेवली. तर बायका घरी येऊ लागल्या. एकदा मी न्हाणीघरात लपले, कल्याणरावांनी दारात 'ती घरी नाही' म्हणून सांगितलं, आणि त्या बाईने तिथूनच मला फोन लावला. न्हाणीघर वाजायला लागलं. भाकरी तव्यावर जळत असताना तिच्या भुवया केल्या.

आता मुख्य गोष्ट. वैशाखात संस्कृती नावाच्या एका मुलीचं लग्न होतं. पाठवणीला मी भाड्याचे दागिने परत घ्यायला गाडीशेजारी उभी होते. सगळे रीतसर रडत होते. तिचे वडील मात्र कोरडे. त्यांनी तिला गाडीत बसवलं, साडीचा पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला, आणि हळूच विचारलं, 'जेवलीस ना गं नीट?'

आत्या, मला काय झालं ते मला सांगता येत नाही. मी हंबरडा फोडला. नवरीची आई माझ्याकडे बघत थांबली, नवरी थांबली, बँडवाले थांबले. नवरदेवाकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या, ही कोण, हिचा काय संबंध. (एकीने नवरदेवाकडे असं पाहिलं की तो घामाघूम झाला.) शेवटी नवरीची आजी पुढे आली.

'तू कुणाची गं बाई?'

'मेकअपवाली.'

'मंग तुला काय झालं?'

'माझे आप्पा गेले.'

'अगं माझे बाई! कवा?'

'मार्गशीर्षात.'

आजीने माझ्याकडं नीट पाहिलं. 'आन् रडाया आत्ता सवड घावली व्हय तुला?' असं म्हणून तिने मला पोटाशी धरलं आणि नातीच्या पाठवणीला उभ्या असलेल्या सगळ्यांना म्हणाली, 'तुमी जावा फुडं. हिला मी बघते.'

नवरीच्या खोलीत, आहेराच्या साड्या सरकवून, तिने मला झोपवलं. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. उशाशी ताट झाकून ठेवलेलं होतं. गार मसालेभात आणि एक वाकडी जिलबी. आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा जिभेला चव लागली. मी खात होते आणि रडत होते, आणि दाराबाहेर आजी कोणाला तरी दटावत होती, 'आत जायाचं न्हाई.'

याचा परिणाम ऐक. गावात बोभाटा झाला, की संगमनेरची मेकअपवाली पाठवणीला काय जीव तोडून रडते! दोन बुकिंगं त्यावर आली. एका काकूंनी विचारलं, 'रडण्याचे वेगळे घेता, का त्यातच?'

बाकी ठीक. वडीलधाऱ्यांना नमस्कार. (आमच्याकडे आता वडीलधारी तू एकटीच उरलीस, तेव्हा सगळे तूच घे.)

तुझी,
यामिनी

ता. क. आषाढात मुहूर्त संपले की आठ दिवस तुझ्याकडे यायचं म्हणते. मी काय काम करते ते शेजारी सांगू नकोस. 'भाची आहे, काही करत नाही,' एवढंच सांग. मला ते एकदा ऐकायचं आहे.

आणखी ता. क. वरच्या बेतात थोडा बदल. राजूरला एक लग्न घेतलंय, तुझ्या वाटेवरच. एकच नवरी आहे. नाही म्हणणारच होते, पण तोंडातून 'हो' गेलं. उरकून सरळ तुझ्याकडे.

शेवटचं. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. आल्यावर माझ्यासाठी काही रांधत बसू नकोस. नुसती शेजारी बस आणि तुझा भाऊ नृसिंह, म्हणजे माझे आप्पा, लहानपणी कसा होता ते सांग. हट्ट करायचा का, कशाला घाबरायचा, मार खाल्ल्यावर कुठे जाऊन रडायचा. मी त्यांना कधीच रडताना पाहिलं नाही. मध्येच मी म्हणेन, 'असू दे आत्या, राहू दे आता.' तू थांबू नकोस.