एव्हरीथिंग फाइन, सिस्टर

स्टॅनमोर
२६ ऑक्टोबर २०२४

ती. द्रौपदी आत्यास,
दीक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आणि जवसाच्या चटणीचं पार्सल दोन्ही पोचलं. कस्टम्सवाल्यांनी फोडून पाहिलेलं दिसतंय, कारण पत्राला लसणाचा वास येतो. उद्या इथे घड्याळं मागे घ्यायची, म्हणजे आता ऑफिसातून निघतानाच अंधार. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, माझे बाबा राहायचे त्या वॉटफर्डच्या हॉलमध्ये गेले होते. सगळ्यांनी बाबांची आठवण काढली. येत्या महिन्यात त्यांना जाऊन दोन वर्षं होतील.

कानाचं मशीन लावणार नाही आणि फोनवर ओरडून घेणार नाही हा तुझा हट्ट, म्हणून मी चांगली शिकलेली बाई पोस्टाची तिकिटं चिकटवत बसते. असू दे. मी नेमकं काय करते असं तू विचारलंस. म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात इथे एक लाल बटण असतं, पडलं तर दाबायचं. बाबांच्या गळ्यातही होतं. ते पुरवणाऱ्या तीन कंपन्यांनी आपसात संगनमत करून भाडं चढं ठेवलं, असा आमचा दावा आहे. माणशी नुकसान थोडं, त्यामुळे एकटं कोणी कोर्टात जात नाही. म्हणून सगळ्यांच्या वतीने एकच दावा लावता येतो, आणि मला यातून वगळा असं जो कळवत नाही तो आपोआप त्यात धरला जातो. हॅरोच्या एका लहान फर्ममध्ये मी लोकांची घरखरेदीची कागदपत्रं करत होते, तिथून इथवर यायला माझी निम्मी उमर गेली. ही पहिली केस, जी मी स्वतः चालवते. जिंकली तर पार्टनर करतील.

कंपन्या म्हणतात, आम्ही दर महिन्याला प्रत्येकाला फोन करून विचारपूस करतो, त्याला खर्च येतो. पुरावा म्हणून त्यांनी ढिगाने रेकॉर्डिंग दिली आहेत. मी आणि माझी सहकारी देविका दिवसभर हेडफोन लावून ऐकतो. कोणी म्हातारी म्हणते मी बरी आहे, कोणी म्हातारा म्हणतो मी मजेत आहे. आता येताजाता गाडीतही कानात तेच चालू असतं.

पुढचं तुला लिहू नये, कामाचं आहे. पण आवाज घरचा आहे, म्हणून घरी लिहिते. मंगळवारी एक रेकॉर्डिंग लावलं. बाईने विचारलं, मिस्टर मेश्राम, कसे आहात. आणि बाबा म्हणाले, एव्हरीथिंग फाइन, सिस्टर. हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात जन्म गेला, त्यामुळे कुठल्याही बाईला ते सिस्टरच म्हणायचे, बँकेतल्या मुलीलासुद्धा. ऐकून मला आधी बरंच वाटलं, हसूही आलं. मग स्क्रीनवर तारीख पाहिली. बाबांना जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. बटण आणि त्याची फोनला जोडायची पेटी मी माझ्या हाताने पोस्टाने परत पाठवली होती, घराच्या चाव्याही देऊन टाकल्या होत्या.

देविकाला अजून बोलले नाही. तू काय म्हणतेस ते लवकर लिही.

तुझी,
दीक्षा


नागपूर
१३ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षास,
द्रौपदी आत्याचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि तशीच उभी राहिले. दादा असता तर म्हणाला असता, द्रौपदे, आधी बस, मग सांग. माझा मॅट्रिकचा निकाल घेऊन मी धावत घरी आले, तेव्हाही त्याने पास की नापास विचारलं नाही, आधी खाटेवर बसवलं. आई गेल्याची तार आली तेव्हाही तेच. तुलाही त्याने असंच वाढवलं असणार.

आता बसून लिहिते. मेलेली माणसं फोन घेत नाहीत. आपल्या घरात भूतखेत कधी शिरलं नाही, आता लंडनहून यायचं काही कारण नाही. मी सगळी नोकरी मुलींना भौतिकशास्त्र शिकवण्यात काढली, त्यातला आवाजाचा धडा माझा आवडता होता, आणि आता माझेच कान गेले, ही गंमत बघ. तर माझं ऐक. तू दादाचा आवाज ऐकू नकोस. आवाजाच्या मागे काय वाजतं ते ऐक. माणूस रोज तेच वाक्य बोलू शकतो, पण मागचं जग रोज तसंच वाजत नाही. दादाची तो जिवंत असतानाची रेकॉर्डिंग काढ आणि शेजारी ठेवून बघ.

आणि तुझा तो कायदा काही माझ्या डोक्यात शिरून नाही राहिला, बाप्पा. लोकांनी वकालतनामा दिला नाही, तुझं तोंडही बघितलं नाही, आणि तू त्यांची वकील? आमच्या वस्तीतले वकील निदान चहाला तरी बोलवतात.

पण खरं सांगते, तारखेचं वाचल्यापासून मी स्वयंपाकघराचा दिवा चालू ठेवून राहिली आहे. याचा अर्थ काढू नकोस. जेवत जा.

तुझी,
द्रौपदी आत्या


स्टॅनमोर
८ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू शाळा सोडलीस तरी शाळेने तुला सोडलेलं नाही. तू म्हणालीस तसं केलं. बाबा फाइन म्हणतात आणि लगेच मागे कुकरची शिट्टी होते, अर्धीच, कारण बाबा गॅस बंद करायला उठतात आणि खुर्ची करकरते. ते जिवंत असतानाचं एक रेकॉर्डिंग मिळालं. त्यातही तीच अर्धी शिट्टी, तीच खुर्ची. मग पुढच्या महिन्याचं, त्याच्या पुढच्या महिन्याचं. प्रत्येक वेळी बाबा तोच कुकर बंद करायला उठतात. मी रडले, आत्या. माझ्या बापाला यांनी मेल्यावरही दर महिन्याला तोच भात शिजवायला लावला.

मग देविकाला सगळं सांगितलं. आम्ही बाकीची तशीच तपासली. वॉटफर्डच्या एका बाईचा कुत्रा दर महिन्याला एकाच शब्दावर भुंकतो. स्टॅनमोरचे एक गृहस्थ एकाच जागी शिंकतात आणि दर महिन्याला सॉरी म्हणतात. बाबांच्या बटणाच्या कंपनीने फोन करणं कधीच बंद केलं होतं आणि जुन्याच आवाजावर नवी तारीख घालून ठेवत होती. जिवंत माणसांच्या बाबतीत हे कोणाला कळलं नसतं. पण कोण मेलं हे मशीनला कोणी सांगितलं नाही, म्हणून मेलेलेही बरे आहोत म्हणत राहिले.

एकच रेकॉर्डिंग जुळत नाही. बाबांच्याच नावावरचं, त्यांच्या नंतरचं. त्यात कुकर नाही, बाईही नाही. नुसती खरखर, आणि खुर्ची करकरल्यासारखं काहीतरी. खुर्चीतून उठताना एक आवाज होतो आणि बसताना वेगळा होतो, हे मला यापूर्वी कधी माहीत नव्हतं. हा बसतानाचा आहे. देविकाने एकदा ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवले. म्हणाली, तिला वाटलं पलीकडे कोणी वाट बघतंय.

आता खरी अडचण. शुक्रवारी कंपन्यांनी अचानक तडजोड करायची तयारी दाखवली. भरपाई भरघोस, पण एक अट आहे, सगळी रेकॉर्डिंग पुसून टाकायची. आमचे वरिष्ठ आणि दाव्याला पैसे पुरवणारे दोघंही खूश आहेत. सही झाली की मी पार्टनर. अट नाकारायची तर हा आवाज माझ्या वडिलांचा आहे आणि त्या तारखेला ते हयात नव्हते, हे मला शपथेवर सांगावं लागेल. आणि जो वकील साक्षीदार होतो त्याला ती केस चालवता येत नाही. माझी केस, आत्या, पहिल्या पानापासून मी उभी केलेली, दुसऱ्याच्या हातात जाईल. आणि न जुळणाऱ्या त्या एका रेकॉर्डिंगवरून कोर्टात माझं हसं होईल ते वेगळंच.

मला काही सुचत नाही. तू रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
दीक्षा


नागपूर
२७ डिसेंबर २०२४

चि. दीक्षास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

रागावले नाही. दोन दिवस पत्र उशाशी ठेवून विचार केला. इथे थंडी चांगलीच पडली आहे, संत्री गोड आहेत, शेजारची ईशिता सकाळी येऊन दार वाजवते आणि मला ऐकू येत नाही म्हणून खिडकीत येऊन हात हलवते. मी हात हलवला की ती कॉलेजला जाते. परवा मी न्हाणीघरात होते, तर पोरीने अख्खा मोहल्ला गोळा केला. मला लाज वाटली आणि नंतर फार बरं वाटलं.

म्हणून मी दादाचा विचार कमी केला आणि त्या जिवंत बायांचा जास्त केला. महिना झाला, फोन येईल म्हणून त्या बसून असतील. फोन आला नाही, आणि तिकडे त्यांच्याच आवाजात कोणी लिहून घेतलं की बाई मजेत आहे. कोणी पडली असेल तर? रेकॉर्डिंग पुसलं की हे कधी घडलंच नाही असं होईल.

मागच्या पत्रात मी तुझी थट्टा केली की विचारल्याशिवाय तू त्यांची वकील. कंपनीनेही त्यांना विचारलं नाही आणि त्यांच्या तोंडाने बोलली. मग तुझ्यात आणि तिच्यात फरक काय, तर तू आपलं नाव सांगून उभी राहतेस. तेच जर नाही केलंस तर फरक उरत नाही. केस जाईल, वाईट वाटेल, मलाही वाटेल, कारण मी सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं आहे की माझी भाची पार्टनर होणार.

त्या खरखरीच्या रेकॉर्डिंगचं मला कळत नाही. मूळ पुसलं गेलं असेल आणि नक्कल उरली असेल. असंच काहीतरी असेल. तू ते एकटीने ऐकत जाऊ नकोस.

तुझी,
द्रौपदी आत्या


स्टॅनमोर
२२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

घाईत लिहिते. सोमवारी सगळं लेखी सांगितलं. तडजोड बारगळली, रेकॉर्डिंगांपुरती वेगळी सुनावणी होणार आहे. केस देविकाकडे गेली. ती माझ्यापेक्षा जास्त रडली, मला तिचीच समजूत काढावी लागली. वरिष्ठ फार सभ्यपणे बोलले, त्यावरून कळलं की पार्टनरशिपचं आता विसरायचं. माझ्या टेबलावरच्या फायली ट्रॉलीवर घालून नेल्या तेव्हा मीच दार उघडून धरलं.

गल्लीत काय सांगशील?

तुझी,
दीक्षा


स्टॅनमोर
१९ जून २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

सुनावणी झाली. कालपासून लिहायला घेते आणि ठेवून देते.

मी ग्रंथावर शपथ घेतली नाही, साधी प्रतिज्ञा घेतली, बाबा घ्यायचे तशी. ती उभं राहून घ्यायची असते. मग न्यायाधीश बाईंनी बसायची खूण केली. मला बसायचं सुचेना, मी कठडा धरून तशीच उभी. कंपनीच्या तज्ज्ञाने सांगितलं की बाकी सगळ्या नकला आहेत, त्या कशाच्या तेही त्याने दाखवलं. एवढं त्यांनी कबूलच केलं. देविकाने सुंदर काम केलं, माझ्यापेक्षा चांगलं. ज्या लोकांना फोन गेलेच नाहीत त्यांना शोधायचा हुकूम झाला आहे, आणि काही घरांत माणसं पाठवलीही आहेत. हॅरोची एक बाई फरशीवर सापडली, पण जिवंत. हे आधी लिहायला हवं होतं.

शेवटी ते न जुळणारं रेकॉर्डिंग निघालं. तज्ज्ञ म्हणाला, याचं मूळ कुठेच सापडत नाही, पण मी यातली खरखर काढली आहे. त्याने ते हॉलमधल्या स्पीकरवर लावलं. आधी ती खुर्ची करकरली. मग बाबा बोलले, मराठीत, अगदी सावकाश. दीक्षा, आधी बस, मग सांग.

हॉलमध्ये ते कळणारी मी एकटीच, देविकालाही मराठी येत नाही. न्यायाधीश बाईंनी विचारलं की साक्षीदाराला याचा अर्थ सांगता येईल का. मी म्हणाले, हो, ते मला बसायला सांगताहेत. समोरच्या पक्षाचे बॅरिस्टर माझ्यामागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

त्यानंतर माझी साक्ष झाली. ती नीट झाली असं देविका म्हणते. तू मला एवढंच लिही, की हे असं कसं होतं.

तुझी,
दीक्षा


नागपूर
३ जुलै २०२५

चि. दीक्षास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

हॅरोच्या त्या बाईचं वाचून आधी पेढे आणले. गल्लीत आता सांगते की भाची साक्षीदार झाली. ते पार्टनरपेक्षा वरचं असतं असं मी ठरवून टाकलं आहे, आणि कोणाची हिंमत नाही मला विचारायची.

तुझ्या प्रश्नाला उत्तर आहे. तू कधीतरी घाईघाईत वॉटफर्डला दादाकडे शिरली असशील, नेमका तेव्हा फोन चालू असेल, दादा तुला तसं म्हणाला असेल, ते टेपवर आलं आणि मूळ पुढे हरवलं. कोणत्याही परीक्षेत मी या उत्तराला पूर्ण मार्क दिले असते. माझा यावर विश्वास आहे. नसता तर मी तुला लिहिलं नसतं.

तरी पत्र मी चारदा वाचलं, कारण तू सगळं लिहिलंस आणि एक गोष्ट सोडून दिलीस. मला कान नाहीत, तो आवाज मला कधी ऐकू येणार नाही, म्हणून तुलाच विचारते. ईशिताच्या हाती पत्र टाकायला देते आहे आणि उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला आहे. माझी माया तुझ्यापाशी आहे, ती तिथेच राहू दे.

दादाने सांगितल्यावर तू बसलीस का? मी असते तर बसले असते.

तुझी,
द्रौपदी आत्या